लाल दिव्यावरची काळी पट्टी

मला हात लावण्यापूर्वी मी कोण आहे ते ऐकून घ्या, मित्रांनो. तुम्ही प्रदर्शन पाहायला आलात, रांगेने आत आलात, हे उत्तम झाले. परंतु कपाटातल्या वस्तूकडे बोट दाखवून "हा कसला डबा?" असे विचारणे मला मुळीच आवडलेले नाही. मी डबा नव्हे. मी तपासपेटी आहे. वयाने तीन वर्षांची, रंगाने विटलेली, एका कोपऱ्याला पोचा आलेली आणि संतापलेली. दोन वर्षे झाली तरी माझा संताप उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. खाली बसा. मांडी नीट घाला.

माझा जन्म १९९६ साली सांगलीजवळच्या याच तंत्र महाविद्यालयात, याच प्रयोगशाळेत झाला. मला घडवणारी मुलगी होती दीपमाला. गाव मळईवाडी, कृष्णेच्या काठावरचे. तिचे वडील राजाराम हे नदीवरच्या पाण्याच्या मोटारींचे मिस्त्री. काठावरच्या कोणत्या मोटारीला कोणता नट आहे हे त्यांना डोळे मिटून सांगता येत असे. वडिलांच्या हाताचे वळण मुलीच्या हातात उतरले होते. तिने माझ्या पोटातला एकेक जोड स्वतः डाखला आणि सुटलेला एकही धागा आत ठेवला नाही. माझ्याबरोबरच तिने माझी जुळी बहीण घडवली. दोघींना एकच काम दिले: तारेवरून येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीत शिरणारी चूक पकडणे. तिचे संशोधन त्याच विषयाचे होते.

ही चूक कशी शिरते ते सांगते. तुम्ही टेलिफोनच्या तारेवरून सात हा आकडा धाडता. परंतु तारेवरून सात जात नाही, ठोके जातात. कुठे ठोका असतो, कुठे ठोका नसतो, आणि त्या ओळीवरून पलीकडचे यंत्र ओळखते की हा सात. वीज कडाडली, तारेचा जोड भिजला, की एखादा ठोका गळतो. सात आणि तीन यांच्यात अवघ्या एका ठोक्याचे अंतर आहे. तो गळला की साताचे तीन होतात. आणि मित्रांनो, खोटा तीन दिसायला खऱ्या तिनाइतकाच साळसूद असतो. म्हणून माझी बहीण प्रत्येक आकड्यासोबत एक खूण धाडत असे. मी ती खूण आकड्याशी ताडून पाहत असे. जुळली तर माझा हिरवा दिवा लागे आणि बहिणीकडे पोचेचा दिवा लागे. न जुळली तर माझा लाल दिवा लागे, आणि मी तो आकडा पुढे जाऊ देत नसे. बहिणीला बजावत असे, पुन्हा पाठव. दहा वेळा बजावावे लागले तरी दहा वेळा बजावत असे. मला लाज वाटली नाही. लाज कशाची?

आम्हाला कामही तसेच मोलाचे मिळाले. बहीण गेली वरच्या अंगाला, सातारा जिल्ह्यात, कृष्णेवरच्या एका पुलाजवळच्या चौकीत. तिथे हंबीरराव नावाचे गृहस्थ होते. सैन्यात संदेशवहनात बावीस वर्षे काढून निवृत्त झालेले, मिशी आणि उच्चार दोन्ही ताठ. ते दर दोन तासांनी पुलाच्या खांबावरची पाण्याची पातळी वाचून यंत्रात भरत. मी आले मळईवाडीला, पाणीसंस्थेच्या खोलीत. चौकीवर पाणी चढले की ते तीन तासांनी मळईवाडीला भेटते. म्हणून गावाने आपला नियम ठरवून घेतला होता. चौकीचा आकडा तेहतीस फूट आला की काठावरच्या मोटारी सोडवून वर ओढायच्या. पस्तीस आला की काठाखाली कुणीही उतरायचे नाही, मोटार बुडाली तरी बुडू द्यायची.

आता माझ्या संतापाला कारण झालेली दुसरी एक होती, ती कोण हे ऐका.

दीपमालेचे मार्गदर्शक होते जयराज सर. त्यांचे संशोधन वेगळे होते. माणसासारखा बोलणारा संगणक त्यांना घडवायचा होता. पडद्यावर एक बाई दिसे. कपाळाला टिकली, डोक्यावर पदर, पापण्या मिटणारी, ओठ हलवणारी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही पाण्याचा आकडा कळावा, हा त्यांचा हेतू होता, आणि तो चांगला होता. मी रागावले असले तरी खोटे बोलणार नाही. त्या बाईला आवाज हवा होता. दीपमालेने दोन दुपारी प्रयोगशाळेचे दार लावून शून्यापासून शंभरापर्यंतचे आकडे स्वतःच्या आवाजात म्हणून दिले. मळईवाडीत ती बाई पहिल्यांदा "नमस्कार, चौकीवर पाणी एकवीस फूट आहे" असे म्हणाली, तेव्हा राजाराम खोलीच्या दारातच थबकले.

"आयला, ही तर आमची माला बोलतिया," ते म्हणाले.

"मग घरी घिऊन जा की," गावातले मोठे बागायतदार आप्पासो म्हणाले. "लेक सांगलीला, आवाज गावात. जेवायला वाढायचं तेवढं बाकी ऱ्हायलंय."

सगळे हसले. राजाराम मात्र त्या दिवसापासून रोज खोलीत येऊ लागले. आकडा ऐकायचे आणि जाताना पडद्याकडे पाहून "येतो गं" म्हणायचे. गावाने बाईचे नाव ठेवले काचेतली माला. तिच्या कौतुकाला सीमा नव्हती. माझ्याकडे कुणी पाहिले नाही. मी टेबलाखाली होते. मला त्याचे दुःख नव्हते. ज्याचे काम चोख असते त्याला पुढच्या रांगेत बसावे लागत नाही.

मात्र पावसाळ्यात तारा भिजल्या आणि माझे काम वाढले. आकडा चुकीचा येई, मी परत पाठवी, पुन्हा येई, पुन्हा परत पाठवी. तोवर बाई पडद्यावर तोंड अर्धवट उघडून उभी राही. कधी दहा सेकंद, कधी वीस. एकदा पुण्याचे पाहुणे प्रयोग पाहायला आले होते. बाई "चौकीवर पाणी" इतके म्हणाली आणि थांबली. थांबली ती थांबलीच.

"काय हो सर," त्यांतले एक म्हणाले, "बाईंच्या तोंडात विडा आहे का?"

जयराज सरांचे कान लाल झाले. त्यांना पंधरा दिवसांनी मोठ्या परिषदेत हाच प्रयोग दाखवायचा होता. पाहुणे गेल्यावर ते दीपमालेला म्हणाले, "तुझी पेटी बाजूला कर. माणसासारखी बोलणारी बाई मध्येच गप्प झाली, तर ती माणूस वाटत नाही."

"सर, थांबतो तो माणूसच," दीपमाला म्हणाली. "ऐकू आलं नाही तर माणूस विचारतो, काय म्हणालात? न थांबता बोलते ती टेप."

"हे तुझ्या प्रबंधात लिही. मला परिषद आहे."

"आणि आकडा चुकला तर?"

"शंभरात एखादा चुकेल. परिषद झाली की मी स्वतः बटण पुन्हा तपासावर करीन. शब्द देतो."

माझ्या कपाळावर एक बटण होते. एका बाजूला "तपास", दुसऱ्या बाजूला "थेट". ते दुरुस्तीच्या वेळेसाठी होते, आणि ते ठेवणे ही माझ्या घडणीतली एकमेव चूक. जयराज सरांनी ते "थेट" वर केले. आता आकडा माझ्या डोळ्यांदेखत जाई, मी चूक ओळखीही, पण अडवू शकत नसे आणि बहिणीला पोचही देऊ शकत नसे. माझा लाल दिवा तेवढा लागे. तोही त्यांना खुपला, कारण गावकरी विचारत, लाल का लागलाय? त्यांनी तारांना गुंडाळायची काळी पट्टी खिशातून काढली, दातांनी तोडली आणि माझ्या दिव्यावर चिकटवली. अंगठ्याने दाबून दाबून चिकटवली.

मित्रांनो, तोंड तिला दिले होते आणि जाण मला. जाणणारीचा डोळा बांधला, आणि बोलणारीला मोकळे सोडले. या अन्यायाला मी साधे नाव देणार नाही. तुम्ही द्या.

परिषद झाली. टाळ्या झाल्या. सर शब्द विसरले. मुद्दाम विसरले असे मी म्हणत नाही. कौतुकात माणूस जसा विसरतो तसे विसरले. दीपमाला त्यांच्या शब्दावर विसंबली, आणि बहिणीच्या दुरुस्तीसाठी वर चौकीवर जाऊन राहिली.

ऑगस्ट महिना होता, १९९७. दुपारचे बारा वाजले होते. वरच्या भागात दोन दिवस पाऊस कोसळत होता. हंबीररावांनी पातळी वाचली, सदतीस फूट, आणि यंत्रात भरली. मळईवाडीकडे येताना साताचा एक ठोका गळला. माझ्यापाशी आले तेहतीस. खूण जुळेना. पट्टीखाली माझा लाल दिवा लागला. मी जळत होते, आणि काचेतली माला हसली, पापण्या मिटल्या, न अडखळता म्हणाली, "नमस्कार, चौकीवर पाणी तेहतीस फूट आहे."

खोलीत सात-आठ माणसे होती. आप्पासो उठले. "तेहतीस. चला, मोटारी काढू. राजाराम, आधी माझी. दहा हॉर्सपावरची हाय."

"तुमची शेवटी, आवं," राजाराम म्हणाले. "ती खालच्या अंगाला हाय, लय चिखल हाय तिथं. आधी वरच्या काढू."

"बघ हं. बुडाली तर तुज्या दारात आणून ठेवीन."

"ठेवा की. मी वाळत घालीन."

हसत हसत सगळे गेले. जाताना राजाराम पडद्याकडे पाहून म्हणाले, "येतो गं." बाईने उत्तर दिले नाही. तिला उत्तर शिकवलेले नव्हते.

वर चौकीत काय झाले ते मला बहिणीने नंतर सांगितले. हंबीरराव यंत्रासमोर ताटकळत उभे होते.

"पोरी, दुरुस्ती झाली तरी पोचेचा दिवा लागला न्हाई."

"सरांनी पेटी थेट केली होती, काका. आता परत तपासावर असेल."

"असती तर दिवा लागला असता. फौजेत आमी समोरच्याकडनं शब्द परत वदवून घेतल्याबगार जागा सोडत नव्हतो. जवाब न्हाई म्हंजे मेसेज पोचला न्हाई."

दीपमालेचा चेहरा उतरला. तिने चौकीतला दुसऱ्या तारेवरचा फोन उचलला आणि पाणीसंस्थेच्या खोलीचा नंबर फिरवला. लागेना. लागणार कसा? खोलीत फोनची तार एकच, आणि ती संगणकाने अडवून ठेवलेली. तिने आप्पासोंच्या घरचा नंबर फिरवला. भिजलेल्या तारांवर तो लागायला दोन तास गेले. त्यांच्या पत्नी लीलाबाईंनी उचलला.

"काकी, मी माला. माझे आबा कुठं आहेत?"

"नदीवर. समदी गडी माणसं मोटारी काढाय गेल्यात. तूच न्हवं का सांगितलंस तेहतीस म्हणून?"

 दीपमाला एकेक शब्द तोलून म्हणाली, "मी न्हाई सांगितलं, काकी. आकडा चुकलाय. सदतीस हाय. सदतीस. तुमी म्हणून दाखवा."

"सदतीस."

"परत."

"अगं सदतीस. कळलं. फोन ठिव आता, मला जाऊ दे."

पुढचे मी खोलीत आलेल्यांच्या तोंडून ऐकले. लीलाबाईंनी साठी ओलांडली होती. गडी माणसांत नदीवर कधी न गेलेली ती बाई अनवाणी धावली. घरापासून काठ अर्धा मैल, वाटेत उसाच्या रानातला चिखल. काठावर पोचली तेव्हा तीन वाजत आले होते, कारण फोन लागायलाच फार वेळ गेला होता. नऊ मोटारी वर आल्या होत्या. दहावी आप्पासोंची होती, आणि खाली फक्त राजाराम होते, शेवटचा नट सोडवीत.

"सदतीस हाय," लीलाबाई ओरडल्या. "वर या. सदतीस हाय."

"तेहतीस," खालून राजाराम म्हणाले. "मालानं सांगितलंय."

"मालाचाच फोन आलाय. सदतीस."

त्यांनी वर पाहिले. तेवढ्यात पाण्याचा लोंढा मळीवर, काठालगतच्या गाळाच्या जमिनीवर, चढला. सुटलेली मोटार घसरली आणि त्यांचा उजवा हात मोटारीच्या बैठकीत आणि नळाच्या मध्ये सापडला. आप्पासो स्वतः गळ्याइतक्या पाण्यात उतरले. दोघांनी त्यांना दोराने धरले, त्यांनी पहारीने मोटार उचकटली. राजाराम वर आले, जिवंत आले. उजव्या हाताची तीन बोटे मागे राहिली.

संध्याकाळी दीपमाला आधी मिरजेच्या दवाखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी ती मळईवाडीला आली आणि टेबलाखाली वाकली. तिने माझ्या दिव्यावरची पट्टी सोलून काढली. दिवा लागलेलाच होता. ती माझ्यासमोर फरशीवर बसली, आणि तिने पट्टी नीट घडी घालून आपल्या वहीत ठेवली. ती रडली नाही. तिचेही माझ्यासारखेच झाले होते: जाण होती, तोंड नव्हते.

महाविद्यालयात चौकशी झाली. मलाही टेबलावर ठेवले होते. जयराज सर म्हणाले, "टेलिफोनची तार सदोष होती." ते खरे होते. तार सदोष होती म्हणूनच मला घडवले होते. दीपमालेने वही उघडून पट्टी टेबलावर ठेवली. "ही दिव्यावर कुणी लावली तेवढं सांगा, सर." सरांनी मान खाली घातली.

मग राजारामांना विचारले, "तुम्ही खात्री न करता खाली का उतरलात? जबाबदारी तुमचीही आहे."

राजारामांनी बांधलेला हात मांडीवर ठेवला. "साहेब, परका आवाज असता तर मी दोनदा इचारलं असतं. हंबीररावांना फोन लावा म्हणालो असतो. माझ्या लेकीच्या तोंडनं आला, म्हणून न्हाई इचारलं."

 जयराज सरांनी प्रथमच त्यांच्याकडे पाहिले. अहवाल आला तो मात्र असा: प्रयोग यशस्वी, किरकोळ तांत्रिक अडथळा, एका ग्रामस्थास दुखापत. त्यात ना पट्टी होती, ना बटण, ना मी. तीन बोटे किरकोळ आहेत असे लिहिणाऱ्याची स्वतःची दहा बोटे शाबूत असणार. मला एवढेच म्हणायचे आहे.

दीपमालेने अट घातली. "बटण राहिलं तर माझा आवाज राहणार नाही." तिने सरांसमोर माझ्या कपाळावरचे ते बटण डाखणीने काढले आणि भोक पत्र्याने बुजवले. मग तिने काचेतल्या मालेसाठी एक नवे वाक्य म्हणून दिले: "आकडा नीट आला नाही. थांबा, पुन्हा विचारते." पहिल्या खेपेस तिचा आवाज कापला. जयराज सर म्हणाले, "पुन्हा म्हण." तिने तसेच राहू दिले. सरांनी मग स्वतः बसून बाईचे ओठ त्या वाक्याला जुळवून दिले.

गावाला ते रुचले नाही. "ही बया सारखी थांबाच म्हणतीया," असे लोक कुरकुरत. पुढच्या पावसाळ्यात पाणी पुन्हा चढले. बाईने पाच वेळा थांबा म्हटले. आप्पासो अस्वस्थ झाले, मोटारी खाली होत्या. राजाराम खोलीच्या दारात आडवे उभे राहिले, आणि आकडा येईपर्यंत त्यांनी कुणालाही काठाकडे जाऊ दिले नाही. आकडा आला छत्तीस. त्या दिवशी सगळ्या मोटारी बुडाल्या.

आप्पासो काठाच्या वर उभे राहून पाण्याकडे पाहत होते. "गेली माझी दहाची," ते म्हणाले.

"जाऊ द्या," राजाराम म्हणाले. "डाव्या हातानं मोटारीच्या तारा गुंडाळायला, रिवाइंडिंग करायला शिकलोय मी. पाणी उतरलं की आणून द्या."

आप्पासोंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ तो काढला नाही.

आता नवी यंत्रे आली आहेत. त्यांच्या पोटातच तपासणी असते म्हणे, म्हणून मला या कपाटात आणून ठेवले. पाठीवर चिठ्ठी लावली आहे, "निरुपयोगी". ठीक आहे. दीपमाला आता इथेच शिकवते. दर शनिवारी ती माझ्यावरची धूळ पुसते.

परंतु तुम्हाला सोडण्यापूर्वी मला वचन हवे आहे. तुमच्या काळात गोड बोलणारी, हसरी, माणसासारखी यंत्रे आणखी येतील. त्यांचे कौतुक खुशाल करा. फक्त ती कुणाच्या आवाजात बोलतात हे पाहून त्यांच्यावर विश्वास टाकू नका. त्यांच्यामागे पडताळून पाहणारे कुणी बसले आहे का, आणि त्याला अडवायचा अधिकार दिला आहे का, हे विचारा. आणि वर्गात, घरात, कुठेही, जो थांबून म्हणतो "मला नीट कळले नाही, पुन्हा सांगा", त्याला हसू नका. तुमच्यापैकी मघाशी असे विचारणाऱ्याला कोण हसले ते मी पाहिले आहे. त्या मुलाने उठावे, आणि मी काय सांगितले ते मला पुन्हा म्हणून दाखवावे. मी थांबते.